ज्ञान कमी की हात कमी?

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हाच ओळखलं, बाईसाहेबांची नाईट आहे. मागं सलाईनचा स्टँड ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी "सिस्टर, ओ सिस्टर", आणि त्यातून तू घाईघाईत म्हणालीस, "ताई, पीएचडी करावी म्हणतेय. वॉर्डातली सेवा कशी चालते त्यावरच काहीतरी. विषय सुचव ना!" मी तोंड उघडायच्या आत फोन बंद. ॲडमिशन आली असणार.

विषय असा उभ्या उभ्या सुचत नाही गं. म्हणून आज निवांत बसून सांगते. मी घोडेगावची, तू जुन्नरची. दोघींच्या माहेरामागं सह्याद्री एकच. तेव्हा तुला जे सांगेन ते पुस्तकातलं कमी आणि घरातलं जास्त असेल.

आधी एक गुपित ऐक. मी पुढं शिकले ते नाईट चुकवायला. सेवेची तळमळ, संशोधनाची ओढ वगैरे मुलाखतीत सांगायचं असतं. खरं कारण हे की पाय सुजत होते, पोरगं लहान होतं आणि महिन्यातून दहा रात्री घराबाहेर काढायचा कंटाळा आला होता. आणि झालं काय? पीएचडीची माहिती गोळा करायला पहाटे तीन वाजता परत वॉर्डातच जाऊन उभी राहिले, तेही बिनपगारी. तेव्हा सुटायची वाट म्हणून पीएचडी धरणार असशील तर आत्ताच सोड. गल्लीतल्या मानासाठीही धरू नकोस. नावाआधी 'डॉ.' लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी कौतुकानं विचारलं होतं, "आता इंजेक्शन द्यायला तू वेगळी सिस्टर ठेवणार का गं?"

आता मुद्द्याचं. एमएस्सीला माझा विषय काय होता माहीत आहे? 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या बेडसोर प्रतिबंधाविषयीच्या ज्ञानावर नियोजनबद्ध शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम.' हसू नकोस, तुझाही याच साच्यातला असेल. कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या लायब्ररीत जा, रेक्झिनच्या बाइंडिंगवर सोनेरी अक्षरांत हेच वाक्य सापडतं. फक्त बेडसोरच्या जागी कधी हात धुणं, कधी मधुमेह, कधी स्तनपान. प्री-टेस्ट घ्यायची, चार्ट लावून तासभर शिकवायचं, आठवड्यानं पोस्ट-टेस्ट घ्यायची. मार्क वाढतातच. नुकतंच शिकवलेलं लगेच विचारलं तर का नाही वाढणार?

माझ्या त्या पोस्ट-टेस्टमध्ये एका सिस्टरला ३० पैकी २८ मार्क पडले होते. पुढं योगायोगानं तिच्याबरोबरच माझी नाईट लागली. दवाखाना कुठला ते सांगणार नाही, आपल्या भागातला नाही एवढं धर. लकवा मारलेल्या एक आजी होत्या. रात्री आठला आधीच्या पाळीकडून ओव्हर घेताना त्यांची पाठ लाल होती. सकाळी आठला ओव्हर देताना कातडी सुटलेली. रात्रभरात आम्ही त्यांना एकदाच कुशीवर वळवलं होतं.

मग ते २८ मार्क कुठं गेले? कुठंच नाही, डोक्यात जागच्या जागी होते. हात मोकळे नव्हते.

साधं गणित कर. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे बारा तासांच्या नाईटला सहा वेळा. असे पाच पेशंट असले की तीस वेळा. नीट वळवायचं, पाठ बघायची, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, उशी लावायची. पाच मिनिटं तरी जातात आणि माणसं लागतात दोन. झाले अडीच तास, सिस्टर आणि मावशी दोघी गुंतलेल्या. त्या रात्री वॉर्डात चाळीसेक पेशंट होते, सिस्टर आम्ही दोघी, मावशी एक, आणि दहानंतर दोन नव्या ॲडमिशन. हे गणित माझ्या प्रश्नपत्रिकेत कुठंच नव्हतं. शिकवून शिकवून मी त्या पोरींना सांगत होते काय, तर बायांनो, तुम्हाला येत नाही म्हणून आजींची पाठ सोलते. त्या पहाटे मला माझ्या एमएस्सीची लाज वाटली.

तेव्हा पीएचडीला 'सिस्टरला काय येतं' हा प्रश्न बाजूला ठेव. 'काम कसं लावलंय' हा प्रश्न धर. ज्ञान कमी आहे की हात कमी आहेत? हात पुरेसे असतील तर ते भलत्याच कामाला जुंपलेत का? आणि ही वाटणी कुणी ठरवली? कोण चुकलं ते शोधायला मेमो काढणारी माणसं पुष्कळ आहेत. घडी कुठं चुकली ते शोधायला तू हवीस.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही बरं का. २००२ साली लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालयं घेतली, शस्त्रक्रियेच्या सव्वादोन लाखांहून जास्त पेशंटांची नोंद तपासली. नर्समागं एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं निघालं. चाराचे आठ झाले तर ३१ टक्क्यांनी. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत हाच हिशेब मांडला तर पुन्हा तेच ७ टक्के. त्यात आणखी एक गोष्ट दिसली: पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी वाढलं की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी घटते. म्हणजे शिक्षण वाया जातं असं मी म्हणत नाही. शिकलेल्या बाईला ते शिक्षण वापरायला वेळ मिळतो का, एवढंच विचारतेय.

पण त्यांची प्रश्नावली आणून आपल्याकडं जशीच्या तशी वाटू नकोस. कॅलिफोर्नियात २००४ पासून नर्समागं किती पेशंट असावेत ते कायद्यानं बांधलंय. आपल्याकडं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागं एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाचांमागं एक, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. तुझ्या वॉर्डात ड्युटी लिस्ट लागली की मनातल्या मनात भागाकार करून बघ. मग तुला कळेल की त्यांचा प्रश्न 'चार की आठ' असा आहे आणि आपला वेगळाच आहे. आपल्याकडं सिस्टर पुरत नाही तिथं वॉर्ड चालतो कसा? कारण चालतो तर खरा.

चालतो तो सुनेच्या जोरावर. खरं सांग, तुझ्या वॉर्डात पेशंटला भरवतं कोण? लघवीची पिशवी कोण रिकामी करतं? सलाईन संपत आली की "सिस्टर, बाटली संपली" म्हणून पळत कोण येतं? खाटेखाली चटई टाकून झोपलेली सून, लेक, नाहीतर सातवीतली नात. मावशी आणि मामा यांची निदान हजेरी तरी लागते. नातेवाइकाच्या कामाची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. आणि भातलावणीच्या दिवसांत डोंगरातली, आहुप्याकडची सून सासऱ्याजवळ किती दिवस बसेल? तिचा रोज बुडतो, वावर थांबतं. ती गेली की त्या खाटेवरची सेवा निम्म्यावर येते, आणि आपल्या चार्टवर त्याचा मागमूस नसतो. हात मोजायला निघालीस तर तिचेही मोज.

आता तू म्हणशील, ताई, 'काम कसं लावलंय' हे बघायचं कसं? लग्नाची पंगत आठव. एक पद्धत अशी की भातवाला सगळ्या पंगतीला भात वाढत जातो, वरणवाला वरण, मिठाचा वेगळा. काम झपाट्यानं होतं. पण कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला दात नाहीत, त्यानं काहीच खाल्लेलं नाही, हे कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण प्रत्येकानं आपापला पदार्थ वाढलेला असतो. आपले वॉर्ड बहुतेक असेच चालतात. एक सिस्टर इंजेक्शनं, एक टीपीआर-बीपी, एक ड्रेसिंग. सकाळपासून आजींना लघवीच झाली नाही हे तिघींपैकी कुणाचंच काम नसतं. दुसरी पद्धत ओळीनुसार: या ओळीचं सगळं तुमच्या टोळीनं बघायचं. तिसरी म्हणजे नव्या जावयामागं घरचा एक माणूस नेमतात तशी. त्याला काय हवं-नको ते तोच बघणार, उठेपर्यंत. अमेरिकेत मिनेसोटाला १९६९ च्या सुमारास मारी मँथी यांनी वॉर्डात हेच केलं: पेशंट आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याच्या सेवेचा जाब एकाच नर्सकडं. आता चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना जावयाची पद्धत परवडणार नाही, हे मलाही कळतं. पण नुसता पदार्थ वाढत सुटायचं की निदान ओळी तरी वाटून घ्यायच्या, हे ठरवायला जादा पदं मंजूर व्हावी लागत नाहीत. इन्चार्ज सिस्टरनं मनावर घेतलं की पुरतं.

तुझ्या गाईड तुला डोनाबेडियन वाचायला लावतील. वाच. १९६६ सालचा लेख आहे. रचना, प्रक्रिया, परिणाम अशी त्याची तिहेरी मांडणी. वाढपी किती, वाढलं कसं आणि माणूस जेवून उठला का, एवढंच ते. आपण पहिल्याचे आकडे सरकारला कळवतो, तिसऱ्याचे मृत्यूच्या रजिस्टरात लिहितो. मधलं कुणी बघत नाही. तिथं तुझी जागा.

मधलं बघायची एक युक्ती मिशिगनच्या बिअट्रिस कॅलिश यांची. २००६ साली त्यांनी नर्सेसना जवळ बसवून विचारलं, रोज तुमच्याकडून काय राहतं? नऊ गोष्टी निघाल्या. पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, घरी पाठवायची तयारी, धीर देणं, अंग पुसणं, पोटात किती गेलं नि बाहेर किती आलं ते लिहिणं, लक्ष ठेवून असणं. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकले. यात इंजेक्शन नाही बघ. जे ऑर्डरीत लिहिलेलं असतं, ज्याचा जाब राऊंडला विचारला जातो, ते कसंही करून होतं. जे निव्वळ आपलं, परिचारिकेचं असतं, तेच राहतं.

पण तू हे आपल्या सिस्टरांना विचारशील तेव्हा "तुमच्याकडून कोणती सेवा चुकते?" असं विचारू नकोस. दार धाडकन बंद होईल. तो शब्द चौकशीच्या कागदावरचा आहे. आपण ओव्हर देताना काय म्हणतो? "बाई, पाच नंबरचं ड्रेसिंग राहून गेलं." राहून गेलं. या शब्दात कबुली आहे, पण गुन्हा नाही. प्रश्नावलीचं मराठी करताना शब्द वॉर्डातून उचल, शब्दकोशातून नको. मग दुसऱ्या कुणाकडून त्याचं परत इंग्रजी करून घे आणि मूळ अर्थ टिकला का ते ताड.

इथं कुणीतरी तुला मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण देईल, म्हणून आधीच सांगते. अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये काम करणाऱ्या या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगारानं हल्ला केला. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि तोवरच्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोर झाला नाही, असं रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी २०११ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं. न्यायालयानं त्या मार्चच्या निकालात तिथल्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. आपल्या पेशाला अभिमान वाटावा असंच ते. लोक म्हणतात, बघा, मनात असलं की होतं! मी म्हणते, मन होतंच, पण मनाला घडी होती. सेवेला लागलेल्या मुली निवृत्त झाल्या, नव्या आल्या, तरी कूस बदलायचं काम कुणाचं, हे मोघम राहिलं नसणार. माया एका पिढीत संपते; कामाची वाटणी पुढच्या पिढीला ओव्हरमध्ये देता येते. 'माणुसकी हवी' असा निष्कर्ष काढून तू थांबलीस तर मी तुझा प्रबंध वाचणार नाही. ती वाटणी चालू ठेवायला काय काय लागतं ते सांग.

महाराष्ट्रात या वाटेनं आधी चाललेली माणसं आहेत, त्यांना सोडून पुढं जाऊ नकोस. अदिती अय्यर आणि अमर जेसानी यांनी नव्वदच्या दशकात आपल्या ग्रामीण भागातल्या एएनएमच्या कामाचा आणि जगण्याचा अभ्यास केला. एकटीनं उपकेंद्रात राहणारी बाई कुठल्या अडचणींत काम करते हे आधी विचारलं, मग कामाचा दर्जा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरी पोचवली. १९९९ साली त्यांनी छापलेल्या अभ्यासात नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. त्यांनी नवं औषध नाही शोधलं. काम कुणी, कुठं आणि कधी करायचं, याची जुनी वाटणी मोडून नवी मांडली.

आता आपल्या भागाकडं ये. तुला विषयासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आपले दोन्ही तालुके म्हणजे एकेका तालुक्यात दोन-दोन देश. पूर्वेला नारायणगाव, आळेफाटा, मंचर: हायवे, टोमॅटो, ऊस, खासगी दवाखान्यांच्या पाट्या. पश्चिमेला आंबे-हातवीज, इंगळूण, आहुपे, तिरपाड: डोंगर, हिरडा, भात आणि पावसाळ्यात गायब होणारा रस्ता. कागदावर दोन्हीकडं नियम आहे. सपाटीवर पाच हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांमागं. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजारांमागं आणि वीस हजारांमागं. पण आपल्याकडं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, तासांत मोजायचं असतं, हे तुला मी काय सांगावं.

तुझ्या जागी मी असते तर एकच गोष्ट धरली असती: पेशंटला पुढच्या दवाखान्यात पाठवताना सोबत देतो ती रेफर चिठ्ठी.

समज, आषाढात डोंगरातल्या एका वाडीवर बाई जमिनीवर झोपलेली असताना मण्यार चावला. सूज नाही, दाताची खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड. पहिल्यांदा बघते ती आशा. मग उपकेंद्रातली ताई, मग आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. आणि श्वास अडकायला लागला तर पुढं साठेक किलोमीटर पिंपरीचं वायसीएम रुग्णालय नाहीतर पुण्याचं ससून. मधे १०८ ची ॲम्ब्युलन्स. मोज, किती हातांतून गेली ती बाई. प्रत्येक ठिकाणी एक सिस्टर तिला घेते, एक सिस्टर तिला सोडते. पापणी नक्की कधीपासून पडायला लागली? एका श्वासात तिला मघाशी किती आकडे मोजता येत होते, आता किती येतात? सर्पदंशावरचं प्रतिविष कुठं, किती वाजता, किती दिलं? रिॲक्शन आली होती का? यातलं चिठ्ठीवर काय उतरतं, तोंडी काय सांगितलं जातं आणि ॲम्ब्युलन्सच्या दारात काय राहून जातं?

घोणस किंवा फुरसं असेल तर काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकं करून गोठलं का ते बघायचं. किती सोपं! येतं सगळ्यांना, पोस्ट-टेस्ट घेतलीस तर पैकीच्या पैकी पडतील. पण एकटी सिस्टर, शेजारी बाळंतपण अडलेलं, तिसऱ्या खाटेवर दमा लागलेला, अशा वेळी ती वीस मिनिटं घड्याळाकडं कोण बघतं? आणि त्या रात्री काचेची नळी कपाटात होती का, की कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या पर्समध्ये घरी गेली होती? यावर प्रबंध उभा राहतो गं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशावर काम करताहेत. डॉक्टरांच्या बाजूनं विचार करणारं माणूस आपल्या दारात आहे. सिस्टरच्या बाजूनं तू कर.

सर्पदंश नको असेल तर बाळंतीण घे, बिबट्यानं जखमी केलेला ऊसतोडीवरचा मजूर घे, हायवेचा अपघात घे. किंवा माळीण. ३० जुलै २०१४ ला दरडीखाली दीडशेवर माणसं गेली. त्या आठवड्यात कुठल्या सिस्टर कुठून आल्या, कुणी कुणाला कामाला लावलं, कोण किती तास उभं होतं, हे ज्यांनी केलं त्यांच्या तोंडून अजून ऐकता येईल. पण तिथं जाशील तेव्हा वही झोळीतच ठेव. आधी ऐक, आणि लिहू का म्हणून विचार.

परवानग्यांचं ऐकून ठेव, कारण माझे चार महिने इथंच गेले. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, तिथं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र लागतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडं. चिठ्ठीच्या मागं जाणार असशील तर दोन्ही दारं ठोठावावी लागतील. त्याआधी एथिक्स कमिटी. पश्चिमेकडची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथं पेसा कायदा आहे. घरोघरी फिरणार असशील तर ग्रामसभेपुढं उभं राहून सांग की मी कोण, काय विचारणार आणि तुम्हाला त्यातून काय मिळणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःला देऊन मगच जा.

आणि सिस्टरांना सांभाळ. मोठ्या रुग्णालयात नाव लपवलं की माणूस लपतो. आपल्याकडं पाच-सहा सिस्टरांच्या दवाखान्यात 'नाईटला असलेली, पोस्ट बेसिक झालेली परिचारिका' एवढं लिहिलंस तरी अख्खा तालुका बोट दाखवेल. तुझ्यापाशी तिनं मन मोकळं केलं आणि त्याच पानाचा उद्या मेमो झाला, तर त्या पोरीला तू कुठल्या तोंडानं भेटशील? दवाखान्याची नावं काढ, चार-पाच ठिकाणची माहिती एकत्र कर, तपशील थोडे हलव. माझ्या त्या आजींचा दवाखाना मी तुलासुद्धा सांगितला नाही, बघ.

घड्याळ घेऊन वॉर्डात उभी राहशील तेव्हा पहिले दोन-तीन दिवस सगळं कसं पुस्तकातल्यासारखं चालेल. तुझ्यासाठी चाललेलं असतं ते. ते दिवस मोजू नकोस. चौथ्या दिवशी तू खुर्चीसारखी होतेस, मग खरं दिसतं. आणि तुझ्या डोळ्यांदेखत कुणी खाटेवरून घसरत असेल तर? पेन टाक आणि धाव. हे आधीच प्रस्तावात लिहून ठेव, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर कागद दाखवता येतो. आपण आधी सिस्टर, मग संशोधक.

प्रवेशाचं थोडक्यात. नाशिकचं आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईचं एसएनडीटी आहे, आणि परिचर्या परिषदेनं बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाबरोबर २००५-०६ पासून चालवलेला पीएचडीचा राष्ट्रीय कन्सोर्टियम आहे. प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क हे आहेच. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बायकांना त्यापुढंही सवलत आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. तुझ्या विद्यापीठाची नोटीस मात्र स्वतः वाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस; माझ्यासुद्धा. गाईड निवडताना त्यांचं नाव किती मोठं ते नको बघू. त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनीला एकटीला गाठ आणि विचार, "मॅडम लिहिलेलं वाचतात का?" एवढ्या एका प्रश्नावर तुझी पाच वर्षं ठरतात.

घरी 'दोन वर्षांत उरकेल' असं खोटं सांगू नकोस. पाच सांग. चारांत झालं तर पेढे वाटतील. सासूबाईंना विषय समजावून सांग; खरंच सांग. माझ्या सासूबाईंना मी जेव्हा म्हणाले की दवाखान्यात सिस्टर कमी असल्या की पेशंटचं काय काय राहतं ते मी मोजतेय, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझ्या आईच्या वेळी मी जे एकवीस दिवस खाटेखाली झोपले, तेपण लिही की." नातेवाइकांचे हात मोजायचं मला तिथून सुचलं, कुठल्या जर्नलमधून नाही.

१२ मे आला की आपण मेणबत्त्या लावतो आणि दिवा घेतलेल्या नाइटिंगेल बाईंचा फोटो ठेवतो. त्या बाईंनी दिव्यापेक्षा जास्त वेळ आकड्यांवर घालवला होता. सैनिक लढाईच्या जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी मरतात, हे त्यांनी तक्ते काढून सरकारच्या गळी उतरवलं. दिवा आपण सगळ्यांनी उचलला. आकड्यांची वही मागं राहिली. ती उचल.

विषयाचं विचारत होतीस ना? मग असं कर. पुढच्या सात ड्युट्यांना ओव्हर देऊन झालं की घरी निघायच्या आधी वहीत एकच ओळ लिही: आज काय राहून गेलं, आणि तेव्हा माझे हात कशात होते. कुणाचं नाव नको, कुणाची चूक नको. सात ओळी झाल्या की रविवारी घोडेगावला ये. प्रस्ताव आणू नकोस, वही आण.